उभ्या शरीराचा इतिहास : स्नायूंच्या ताणाचा शोध कसा लागला?

१.
दोन वर्षांपूर्वी माझ्या आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. पहिले काही दिवस त्यांचा उजवा हात उचलून सोडला की ओल्या कापडासारखा अंथरुणावर पडत असे. पाच-सहा आठवडे लोटले आणि तोच हात कोपरात वाकू लागला, बोटे मुठीत मिटू लागली. सरळ करू गेल्यास हात विरोध करी. घरातील सर्वांना वाटले, बळ परत येते आहे. व्यायाम करवून घेण्यास येणाऱ्या ताईंनी मात्र सांगितले, "हे बळ नाही, हा ताण आहे."

गेलेला हात ताठ कसा होतो? मी इतिहासाचा विद्यार्थी, वैद्यकाचा नव्हे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासात शोधले. तो इतिहास सुमारे २,००० वर्षांचा निघाला. आजचा धागा त्यावर.

२.
प्रथम, स्नायूंचा ताण म्हणजे काय ते पाहू. रात्रीच्या एसटीत बसल्या बसल्या झोप लागलेला प्रवासी आठवा. मान पुढे कलंडते, हनुवटी छातीला टेकते, तोंड उघडे पडते. जागेपणी असे का होत नाही?

माणसाचे डोके साधारण ४ ते ५ किलो वजनाचे असते आणि त्याचा गुरुत्वमध्य मानेच्या मणक्याच्या किंचित पुढे पडतो. म्हणजे डोके सदैव पुढे झुकण्याच्या बेतात असते. मानेमागचे स्नायू त्यास दिवसभर मागे धरून ठेवतात. जबडाही असाच वर धरलेला असतो. आपण हे ठरवून करीत नाही, आपल्याला ते जाणवतही नाही. स्नायूंतील या अखंड, हलक्या, नकळत ताणास शरीरक्रियाशास्त्रात 'टोन' किंवा 'टोनस' म्हणतात.

३.
आता उभे राहण्याचा विचार करा. उभ्या माणसाच्या शरीराचा भार घोट्याच्या सांध्याच्या थोडा पुढून खाली उतरतो. पोटरीचे स्नायू सैल पडले, तर आपण तोंडावर आपटू. म्हणून पोटरी सतत थोडीशी आवळलेली असते. शांत उभे राहून डोळे मिटले तर शरीर पुढे-मागे किंचित झुलते आहे, हे कोणालाही जाणवेल. उभे राहणे ही स्थिर अवस्था नाही. ते सतत चाललेले पडणे आणि सावरणे आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. व्यायामशाळेत 'टोन्ड बॉडी' म्हणतात, त्याचा या टोनशी फारसा संबंध नाही. तेथे स्नायूंचा आकार आणि कमी चरबी अभिप्रेत असते. वैद्य टोन तपासतो, तेव्हा तो रुग्णास अंग सैल सोडण्यास सांगून त्याचा हात किंवा पाय स्वतः हलवतो आणि स्नायू किती विरोध करतो ते पाहतो.

४.
या शब्दाची कुळी पाहण्याजोगी आहे. ग्रीक भाषेतील 'तोनोस' म्हणजे ताणलेली दोरी, वाद्याची ताणलेली तार आणि त्या तारेचा स्वर. तो आला 'तेइनेइन' म्हणजे ताणणे या धातूपासून. संस्कृतातील 'तन्' हा धातू त्याचाच भाऊबंद आहे. तनोति, तंतू, संगीतातील तान आणि आपला रोजचा 'ताण' हे सारे त्या एकाच प्राचीन मुळाचे धुमारे. म्हणून 'टोन' या शब्दास मराठीत 'ताण' म्हणताना आपण भाषांतर करीत नाही, दुरावलेल्या नातेवाइकास घरच्या नावाने हाक मारतो.

५.
स्नायूंच्या बाबतीत ही कल्पना नेमकेपणाने मांडली ती गेलनने. जन्म इ. स. १२९, गाव पर्गमॉन, आजच्या तुर्कस्तानात. पुढे रोमन सम्राटांचा वैद्य झालेला हा माणूस तारुण्यात पर्गमॉनच्या ग्लॅडिएटरांवर उपचार करीत असे. फाटलेले स्नायू आणि तुटलेल्या कंडरा त्याने रोज पाहिल्या.

स्नायूंच्या हालचालींवरील ग्रंथात त्याने एक विलक्षण प्रश्न विचारला. मनुष्य हात समोर धरून निश्चल उभा आहे. हात हलत नाही. मग स्नायू काही करीत आहेत की नाहीत? गेलनचे उत्तर होते, करीत आहेत. त्याने दृष्टान्त दिला तो प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्याचा. नदीचा वेग आणि पोहणाऱ्याचा जोर सारखा असेल, तर काठावरून तो एकाच जागी दिसतो. तरी तो विश्रांती घेत नसतो. आकाशात एका जागी तरंगणारा पक्षीही तसाच.

६.
गेलनचे निरीक्षण आजही खरे आहे. स्पष्टीकरण मात्र त्याच्या काळाचे होते. मेंदूतून 'न्यूमा' नावाचे सूक्ष्म प्राणतत्त्व चेतांवाटे स्नायूंत येते, असे तो मानी. वराहादी प्राण्यांचा मज्जारज्जू वेगवेगळ्या उंचीवर कापून त्याने दाखवले होते की, कापाच्या खालचा भाग निकामी होतो. म्हणजे हुकूम वरून येतो, हे स्पष्ट झाले. मग ताणही वरूनच येत असला पाहिजे, असे गृहीत धरले गेले. मेंदू धनी आणि स्नायू चाकर, ही मांडणी पुढे दीड हजार वर्षे टिकली. तिला पहिला तडा दिला तो एका बेडकाने.

७.
अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने एका बेडकाचे डोके कापले. बेडूक मरायला हवा होता. पण त्याचा पाय डिवचला की तो पाय आखडून घेई. नंतर हेल्सने मज्जारज्जू नष्ट केला आणि सारी हालचाल थांबली. एडिंबरोचे वैद्य रॉबर्ट व्हिट यांनी १७५१ च्या आपल्या ग्रंथात या प्रयोगाची नोंद घेतली आणि स्वतःही तसे प्रयोग केले.

याचा अर्थ काय? मेंदू नसतानाही मज्जारज्जू एकटा काही निर्णय घेतो? आत्म्याचे स्थान मेंदूत मानणाऱ्या युरोपात हा प्रश्न साधा नव्हता. व्हिट यांनी तोडगा काढला की आत्मा मज्जारज्जूतही पसरलेला असतो. विरोधकांनी विचारले, मग बेडकाबरोबर आत्माही कापला जातो काय?

८.
पुढचा टप्पा १८११ आणि १८२२ चा. मज्जारज्जूतून प्रत्येक पातळीवर चेतांची दोन मुळे निघतात, एक पुढून आणि एक मागून. लंडनमध्ये चार्ल्स बेल यांनी पुढच्या मुळाचा हालचालीशी संबंध दाखवला. पॅरिसमध्ये फ्रांस्वा माझाँदी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून दुसरा अर्धा भाग सिद्ध केला. पुढच्या मुळातून हुकूम बाहेर जातात, मागच्या मुळातून संवेदना आत येतात.

हे लक्षात ठेवा : जाणारी वाट वेगळी, येणारी वाट वेगळी. पुढची सारी कथा या दोन वाटांवर उभी आहे.

९.
१८३३ मध्ये मार्शल हॉल या इंग्रज वैद्याने 'प्रतिक्षिप्त क्रिया' ही संकल्पना ठामपणे मांडली. संवेदना मज्जारज्जूत शिरते आणि तेथूनच हुकूम परततो, मेंदूला विचारण्याची गरज नाही. स्नायूंचा ताणही मज्जारज्जूवरच अवलंबून आहे, असे हॉल यांनी सांगितले. त्याच दशकात बर्लिनमधील योहानेस म्युलर यांच्या लेखनातून 'टोनस' ही संज्ञा रूढ झाली.

पण एक गोष्ट अजून कोणालाच ठाऊक नव्हती. मज्जारज्जू हा ताण स्वतःहून, दिव्याने तेल जाळावे तसा, निर्माण करतो की त्यास बाहेरून काही खबर लागते?

१०.
उत्तर मिळाले १८६० मध्ये, नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे, एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात. पी. क्यू. ब्रॉन्डगेस्ट तेव्हा पंचविशीत होता. (आमच्या वयाचा. प्रबंध अडलेल्या सर्व मित्रांनी नोंद घ्यावी.)

त्याने बेडकाचा मज्जारज्जू वरच्या बाजूस कापून मेंदूचा संबंध तोडला आणि बेडूक टांगला. दोन्ही मागचे पाय किंचित दुमडलेले राहिले. मग एका बाजूची फक्त मागची मुळे कापली. म्हणजे हुकूम जाण्याची वाट शाबूत, खबर येण्याची वाट बंद. तो पाय सैल पडून सरळ लोंबू लागला.

फरक बोटभराचा, पण निष्कर्ष मोठा. खबर थांबली की ताणही थांबतो. स्नायू मज्जारज्जूला काहीतरी सांगतो, मज्जारज्जू स्नायूला उत्तर देतो आणि या अखंड संवादाचे नाव ताण.

११.
निसर्ग हाच प्रयोग माणसांवर करीत होता. उपदंशाच्या जुनाट रुग्णांत एक विकार दिसे. त्यात मज्जारज्जूची मागची मुळे झिजत. अशा रुग्णांच्या हातापायांत शक्ती असे, पण चाल लटपटती होई, सांधे प्रमाणाबाहेर वाकत आणि डोळे मिटले की तोल जाई. बर्लिनच्या रोम्बेर्ग यांनी नोंदवलेली ही डोळे मिटण्याची परीक्षा आजही घेतली जाते.

१८७५ मध्ये विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी एकाच नियतकालिकात, स्वतंत्रपणे, गुडघ्याच्या झटक्याचे वर्णन केले. गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेवर टिचकी मारली की पाय उडतो. वरील विकारात तो उडत नाही. वैद्याच्या हातातील छोटी रबरी हातोडी ही त्या संवादाची चौकशी करण्याचे साधन आहे.

१२.
पण स्नायू बोलतो कशाने? १८६० च्या दशकात विल्हेल्म क्यूने यांनी स्नायूंत दडलेल्या सूक्ष्म रचनांना नाव दिले होते, 'स्नायू-तर्कू'. तर्कू म्हणजे सूत कातण्याची चाती : मध्ये फुगीर, दोन्ही टोकांस निमुळती. काही मिलिमीटर लांबीच्या या चातीचे काम काय, यावर बराच काळ वाद चालला. काहींच्या मते ती रोगट किंवा अर्धवट वाढलेली स्नायुपेशी होती.

१८९४ मध्ये चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज संशोधकाने मुळे कापून, कोणते तंतू मरतात आणि कोणते जगतात हे मोजले. स्नायूकडे जाणाऱ्या चेतेतील एक तृतीयांश ते निम्मे तंतू हुकूम नेणारे नसून खबर आणणारे निघाले. ज्यास आपण निव्वळ चाकर समजत होतो, तो बऱ्याच अंशी वार्ताहरही होता.

१३.
१८९८ मध्ये शेरिंग्टन यांनी तो प्रयोग प्रसिद्ध केला, ज्यामुळे मला माझ्या आजोबांचा हात समजला. भूल दिलेल्या मांजराचा मोठा मेंदू त्यांनी मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात छेद घेऊन वेगळा केला. अपेक्षा अशी की प्राणी लुळा पडेल. झाले उलटे. थोड्या वेळाने चारही पाय खांबांसारखे ताठ झाले, मान वर उचलली गेली, शेपटी उभारली, जबडा घट्ट मिटला. मांजरास पायांवर ठेवले तर ते उभे राही. त्याला काही जाणीव नव्हती, इच्छा नव्हती, तरी ते उभे होते.

ताठ झालेले सर्व स्नायू एकाच गटातील होते. गुरुत्वाकर्षणाच्या विरोधात शरीर तोलून धरणारे. शेरिंग्टन यांच्या दृष्टीने ती अतिशयोक्त रूपातील 'उभे राहण्याची क्रिया' होती.

१४.
मग त्यांनी ब्रॉन्डगेस्टचीच युक्ती वापरली. एका पायाची फक्त मागची मुळे कापली. तो पाय लगेच सैल पडला. ताठपणा वरून ओतला जात नव्हता तर, तो त्या पायाच्या स्वतःच्या खबरीवर पोसला जात होता.

यातून गेलनपासूनची मांडणी उलटली. ताण निर्माण करण्याची यंत्रणा खाली, मज्जारज्जूत आणि मस्तिष्कस्तंभात आहे. मोठा मेंदू बऱ्याच अंशी तिला आवर घालतो, हवे तेथे सैल सोडतो, हवे तेथे आवळतो. आवर घालणारा नाहीसा झाला की यंत्रणा मोकाट सुटते.

आजोबांच्या मेंदूतील तो आवरच रक्ताअभावी निकामी झाला होता. पहिले काही आठवडे खालची यंत्रणाही धक्क्याने गप्प होती, म्हणून हात लुळा. ती जागी झाली तेव्हा तिला थांबवणारे कोणी नव्हते, म्हणून हात ताठ. मांजराचा ताठपणा आणि पक्षाघातातील ताठपणा तंतोतंत एक नव्हेत, परंतु तत्त्व तेच आहे.

१५.
येथे क्षणभर थांबायला हवे. हे ज्ञान बेडूक, कुत्र्याची पिले आणि मांजरे यांच्या शरीरांतून आले. माझाँदी यांच्या काळात भूल देण्याची पद्धत नव्हती. त्यांच्या प्रयोगांनी तेव्हाही लोक अस्वस्थ झाले होते. ब्रिटनमध्ये १८७६ साली प्राण्यांवरील प्रयोगांसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला आणि शेरिंग्टन यांचे काम त्या कायद्याखाली, भूल देऊन झाले.

इतिहासकाराने शोधाचा गौरव करताना त्याची किंमतही नोंदवावी, असे मला वाटते. कारण पुढे ही किंमत माणसांनीही मोजली.

१६.
पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयांत गॉर्डन होम्स हे चेतारोगतज्ज्ञ काम करीत होते. डोक्याच्या मागच्या भागात गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा लागलेले तरुण सैनिक तेथे येत. त्यांपैकी काहींच्या लहान मेंदूस इजा झालेली असे. १९१७ मध्ये होम्स यांनी या सैनिकांची लक्षणे प्रसिद्ध केली.

लहान मेंदूच्या ज्या बाजूस जखम, त्याच बाजूचा हात आणि पाय सैल. दंड धरून हलवला तर खालचा हात कापडी बाहुलीसारखा हेलकावे खाई. स्नायू लुळे नव्हते, इच्छेने हलत, पण त्यांतील पूर्वतयारीचा ताण हरवला होता. म्हणजे वरून फक्त आवरच येत नाही, आधारही येतो. ज्यांच्यामुळे हे समजले, त्यांपैकी अनेक आमच्याहून लहान होते.

१७.
१९२४ मध्ये शेरिंग्टन यांनी एडवर्ड लिडेल यांच्यासह शेवटचा दुवा जोडला. मांडीचा स्नायू त्यांनी यंत्राने अवघे काही मिलिमीटर ताणला. स्नायूने जोराने आकुंचन पावून उत्तर दिले आणि ताणलेला होता तोवर ते उत्तर चालू राहिले. चेता तोडल्यावर उरली ती रबरासारखी किरकोळ स्थितिस्थापकता.

आता उभे राहण्याकडे परत या. शरीर पुढे झुकते, पोटरी ताणली जाते, चाती खबर देते, मज्जारज्जू उत्तर देतो, पोटरी आवळते, शरीर मागे येते. गुडघा किंचित वाकला, तर मांडीचा स्नायू ताणला जाऊन तो सरळ होतो. गुरुत्वाकर्षण स्वतःच स्नायूंना ताणते आणि त्या ताणण्यातूनच त्याचा प्रतिकार जन्मास येतो. आज हे चित्र अधिक गुंतागुंतीचे मानले जाते. डोळे आणि अंतःकर्ण खबर देतात, मेंदू झुकण्याचा आगाऊ अंदाजही बांधतो. परंतु पाया तोच राहिला.

१८.
एक अडचण उरली होती. स्नायू आखडला की त्यातील चातीही सैल पडणार. सैल पडलेली चाती खबर कशी देणार? १९४५ मध्ये स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी दाखवले की, मज्जारज्जूतून काही बारीक तंतू थेट चातीकडे जातात. स्नायू ओढणे हे त्यांचे काम नव्हे. चातीच्या टोकांस आवळून ती पुन्हा संवेदनक्षम करणे, हे त्यांचे काम.

तंबोरा वाजवणारे हे चटकन समजतील. तार सैल पडली की स्वर उतरतो, मग खुंटी पिळून ती पुन्हा ताणावी लागते. शरीरात ही खुंटी सतत फिरत असते. ग्रीकांनी वाद्याच्या तारेवरून दिलेले नाव किती चपखल होते!

१९.
आता आपल्या भूमीकडे. पूर्व विदर्भात धान कापणीपूर्वी बांधीतल्या ओलीवर लाखोळी टाकतात. पाऊस चुकला तरी येणारे, गरिबाला तारणारे हे कडधान्य. पण दुष्काळात दुसरे काहीच नसेल आणि महिनोन्‌महिने तेच मुख्य अन्न झाले, तर ते पाय पकडते.

ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात सागर भागातील नोंद आहे. १८२९ पासून सलग तीन वर्षे गारपीट, अवर्षण आणि तांबेरा यांनी गहू बुडाला. तगले ते फक्त हे कडधान्य. लोक त्यावर जगले आणि पुढे तरुण मंडळींचे कमरेखालचे अंग जाऊ लागले. पाय लुळे पडत नसत, ताठ होत. टाचा उचललेल्या, गुडघे एकमेकांवर घासणारे, काठीच्या आधाराने चाललेले. हा वाढलेल्या ताणाचाच रोग.

२०.
नेपल्सच्या आर्नाल्दो कान्तानी यांनी १८७३ मध्ये या विकारास 'लॅथिरिझम' हे नाव दिले. १९४२-४३ च्या हिवाळ्यात तो एका भयंकर ठिकाणी पुन्हा उगवला. रुमानियाच्या ताब्यातील ट्रान्सनिस्ट्रियामध्ये वाप्न्यार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना मुख्यतः हेच, जनावरांना घातले जाणारे, कडधान्य खाऊ घातले गेले. शेकडो कैद्यांचे पाय ताठ झाले. कैद्यांपैकीच एक असलेले वैद्य आर्थर केसलर यांनी कारण ओळखले आणि ते अन्न बंद व्हावे म्हणून लढा दिला. युद्धानंतरही ते त्या अपंग सोबत्यांवर उपचार करीत राहिले.

१९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. एस. सरमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दाण्यातील विषारी अमिनो आम्ल वेगळे काढले. ते मेंदूतून खाली येणाऱ्या हुकमाच्या तंतूंना इजा करते. पुन्हा तीच कथा : आवर गेला, ताण उरला. शेरिंग्टन यांच्या प्रयोगशाळेत सुरीने झाले ते येथे भुकेने केले.

२१.
विज्ञान स्वतःची दुरुस्ती कशी करते, हेही पाहू. पूर्वीच्या पुस्तकांत लिहिलेले असे की स्नायू विश्रांतीतही सदैव थोडे आकुंचित असतात. विसाव्या शतकाच्या मध्यास बारीक सुया घालून स्नायूंतील विद्युत्‌क्रिया मोजता येऊ लागली. तेव्हा दिसले की, पूर्णपणे सैल पडून असलेल्या निरोगी माणसाच्या स्नायूत विद्युत्‌क्रिया जवळजवळ शून्य असते. त्या वेळचा मऊ, लवचीक विरोध हा स्नायूच्या घडणीचाच गुण. आरामात उभे असतानाही अनेक स्नायू शांत असतात आणि पोटरीसारखे मोजके कामावर असतात. जॉन बस्माजियन यांनी १९६२ च्या ग्रंथात ही निरीक्षणे एकत्र मांडली.

म्हणजे ताण दोन गोष्टींचा मिळून होतो : स्नायूच्या घडणीतील स्थितिस्थापकता आणि गरज पडताच जागी होणारी ती प्रतिक्षिप्त यंत्रणा. शरीर काटकसरी आहे. बसलेल्या माणसाचे स्नायू उभ्या माणसाइतके राबत नाहीत.

२२.
हा ताण आयुष्यभर आपल्या सोबत असतो. जन्मताच त्याची पहिली परीक्षा होते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेली नवजात बाळाची गुणपद्धती आज आपल्या प्रसूतिगृहांतही वापरतात. पाच लक्षणांपैकी एक ताण. बाळ लोळागोळा असेल तर शून्य, हातपाय थोडे दुमडलेले असतील तर १, जोमाने हलवत असेल तर २.

रोज रात्री आपण तो गमावतोही. फ्रान्सच्या मिशेल झुव्हे यांनी १९५९ च्या सुमारास मांजरांवरील प्रयोगांत दाखवले की, स्वप्नांच्या झोपेत मानेचे स्नायू पूर्ण सैल पडतात. माणसातही हेच होते. म्हणून स्वप्नात धावणारा मनुष्य अंथरुणात पडून राहतो.

आणि जेथे वजनच नाही तेथे? जून १९७० मध्ये सोयुझ-९ मधून सुमारे १८ दिवस अंतराळात राहून आंद्रियान निकोलायेव आणि विताली सेवास्त्यानोव परतले, तेव्हा त्यांना धड उभे राहणे कठीण झाले. प्रश्नच विचारला गेला नाही, तर शरीर उत्तर विसरू लागते. अंतराळस्थानकांवर आज रोज व्यायाम सक्तीचा असतो, तो यासाठी.

२३.
आजोबांकडे परत येतो. ताईंनी मला एक साधी गोष्ट करून दाखवली. त्यांनी आजोबांचे कोपर झटक्याने सरळ करू पाहिले, हात मध्येच अडला. मग अगदी सावकाश सरळ केले, तेव्हा तो बराच उघडला. चाती वेगाने होणाऱ्या ताणण्यास अधिक जोराने उत्तर देते, म्हणून. त्या दिवसापासून आजीने आजोबांचा हात ओढणे सोडून दिले. ती आता स्वयंपाक आटोपला की शेजारी बसते आणि एकेक बोट हळूहळू उघडते.

आणि पाय? तोही ताठ झाला होता. हाताचा ताण वाकवणारा, पायाचा ताण सरळ करणारा. आम्ही त्यास शाप समजत होतो. पण ज्या दिवशी आजोबा भिंत धरून प्रथम उभे राहिले, तेव्हा त्यांचा भार त्याच ताठ पायाने तोलला. त्या पायात इच्छेचे बळ फारसे नव्हते. मज्जारज्जूने, आपल्या जुन्या सवयीने, खांब उभा केला होता.

२४.
इतिहासात आम्ही राजांच्या आज्ञा शिकतो. आज्ञापत्रे उरतात, म्हणून तेवढेच दिसते. पण राज्य तोलून धरतात ती असंख्य माणसे, जी आज्ञा न येताही रोजचे काम करीत असतात. गेलनपासून दीड हजार वर्षे शरीराचा इतिहासही आज्ञेचाच इतिहास होता. ती चाती, तो बारीक तंतू, ती पोटरी यांची दखल घेण्यास फार वेळ लागला.

आज कोठे रांगेत उभे राहाल, तेव्हा क्षणभर डोळे मिटून ते हलके झुलणे अनुभवून पाहा. मागे कोणी उभे असल्यास आधी सांगा.

धागा येथे संपतो. शंका असल्यास अवश्य विचारा, आणि घरात पक्षाघाताचा रुग्ण असलेल्या कोणास उपयोगी पडेल असे वाटल्यास हा धागा त्यांच्यापर्यंत पोहोचवा. मात्र व्यायाम तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा.